पाय सुजलाय? आधी निचरा कुठं तुंबलाय ते बघा

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या सुजलेल्या घोट्यांचे फोटो जगभर फिरले. वय ७९. नाना तर्क सुरू झाल्यावर व्हाइट हाउसनं त्यांच्या डॉक्टरांचं पत्रच जाहीर केलं. पायांच्या शिरांची डॉपलर तपासणी (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) झाली, रक्ताची गाठ सापडली नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदय ठीक निघालं. मूत्रपिंडाचाही त्रास नव्हता. एवढं सगळं तपासून मग निदान सांगितलं: पायांतून रक्त वर नेणाऱ्या शिरांचं काम मंदावलंय, सत्तरी ओलांडलेल्यांत हे बऱ्याच जणांना होतं.

त्या बातमीत मला महत्त्वाचा वाटला तो क्रम. आधी शोध, मग नाव, मग उपाय. आमच्या सांगलीकडे हा क्रम बऱ्याचदा उलटा चालतो. पाय सुजले की शेजारीण म्हणते ‘अंगावर पाणी धरलंय’, पोरगं मेडिकलमधून लघवीची गोळी आणून देतं, चार दिवस पाय हलका वाटला की विषय मिटतो. पण सूज हा मुळात आजार नाही. शरीरात कुठंतरी पाण्याचा हिशोब चुकलाय, एवढंच ती सांगते. कुठं चुकलाय हे न बघता नुसतं पाणी उपसत राहिलं की काय होतं, ते मी घरातच पाहिलंय.

## सूज म्हणजे पाणथळ रान

मिरज, पलूस, वाळव्याच्या ऊसवाल्याला सूज समजावणं सगळ्यांत सोपं. वर्षानुवर्षं पाणी भरपूर दिलं आणि निचऱ्याकडे बघितलं नाही, की रान पाणथळ होतं, पुढं क्षारपड होतं. पाणी वर चढतं, त्याच्याबरोबर मीठ चढतं, उन्हात पांढरा थर धरतो. अशा रानात पाय ठेवला की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

शरीरातही असंच पाणी दिलं जातं. रक्तवाहिन्यांना फाटे फुटत फुटत शेवटी त्या केसाहून बारीक होतात. त्या केशवाहिन्या. त्यांच्या भिंतींतून रक्तातलं पाणी थोडं थोडं बाहेर पाझरतं आणि पेशींना अन्न पोचवतं. हा काही बिघाड नाही, या पाझरण्यावरच आपण जगतो. दिवसभरात असं काही लिटर पाणी बाहेर येतं. ते गोळा करून परत रक्तात सोडायला बारीक नळ्यांचं दुसरं जाळं असतं, त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. म्हणजे केशवाहिनी ही पाणी देणारी सरी, आणि लसीकावाहिनी हा रानाच्या कडेचा चर. देणं आणि निचरा जुळून असेल तोवर पाय सडपातळ. जुळणी बिघडली की पाणी पेशींच्या मधल्या जागेत साठतं. तीच सूज.

बिघडायच्या वाटा मोजक्याच आहेत. शिरांतला दाब वाढला की पाणी जास्त पाझरतं. अंगात मीठ साचलं की ते पाणी धरून ठेवतं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते स्पंजासारखं पाणी आत धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी बाहेर. अल्ब्युमिन यकृत बनवतं, म्हणून यकृत खराब झालं की पोटात आणि पायांत पाणी होतं. मूत्रपिंडातून ते गळायला लागलं तरी सूज येते. तेव्हा सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं दिसतं आणि लघवीला साबणासारखा फेस येतो. कधी चरच बुजतो. हत्तीरोगात डासांमुळे आलेले जंत लसीकावाहिन्यांतच घर करतात, म्हणून तो पाय उतरता उतरत नाही. आणि मुका मार लागला किंवा जंतुसंसर्ग झाला की केशवाहिन्यांच्या भिंतीच सैल पडतात. ती सूज लाल, गरम आणि दुखरी असते.

हृदय थकलं की काय होतं, हे २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा चढली की नाल्यांचं पाणी नदीत जात नाही, उलट नदीच नाल्यांतून गावात शिरते. गल्लीत पाऊस नसला तरी गल्ली भरते, कारण पुढं वाट नाही. हृदयानं रक्त नीट पुढं ढकललं नाही की ते मागं शिरांमध्ये तुंबतं, आणि सगळ्यांत सखल गल्लीत आधी दिसतं. ती गल्ली म्हणजे घोटा.

## पण पायच का?

टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. उभ्या माणसाचं हृदय घोट्यापासून साधारण चार फूट उंच असतं. तेवढ्या रक्ताच्या खांबाचा भार घोट्याजवळच्या शिरांवर येतो. न हलता उभं राहिलं तर तो दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास भरतो. आडवं झालं की बहुतेक सगळा ओसरतो. म्हणून सकाळी पाय हलका, आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतलेला.

हा भार वर चढवायला निसर्गानं पंप दिलाय, तो पोटरीत आहे. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो आणि आतली शीर पिळून रक्त वर ढकलतो. ते खाली घसरू नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह आठवा. तो गळका झाला की मोटर बंद पडताच पाइपातलं पाणी परत विहिरीत. पायाच्या झडपा ढिल्या पडल्या की तेच होतं: रक्त खाली साठतं, शिरा वेड्यावाकड्या फुगतात, आतल्या घोट्याच्या वरची कातडी तपकिरी-काळपट पडते, आणि साधं खरचटलेलंही महिनोन्महिने भरत नाही. झडपा नीट असतील तर चालताना घोट्याजवळचा दाब ९० वरून ३० च्या आसपास उतरतो. नुसतं उभं राहणं आणि चालणं यांत पायाच्या दृष्टीनं एवढा फरक आहे. तासगावात दिवसभर बेदाणा निवडणाऱ्या बायका, एसटीचे ड्रायव्हर, फळ्यापुढं उभे असणारे गुरुजी, गाड्यावर वडे तळणारा माणूस, सगळ्यांची तक्रार एकच असते ती यामुळे.

मग वारीत चालणाऱ्यांचे पाय का सुजतात? माउलींची पालखी लोणंद, फलटणला येईतो कित्येकांच्या पावलांना सूज असते. उष्म्यानं कातडीखालच्या शिरा पसरतात, वाटेत तास न् तास एका जागी थांबावं लागतं, दिवसाचे पंधरा-वीस किलोमीटर पावलांना मार बसतो तो वेगळाच. मुक्कामाला पाय वर करून झोपलं की बहुतेकांची सूज उतरते. घरी पोचून आठवडा झाला तरी जी उतरत नाही, तिच्याकडे बघायला हवं.

## अंगठ्याची परीक्षा

पायमोज्याचा वळ हा पहिला निरोप, पण तेवढ्यावर भरवसा नको. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा सावकाश दाबायचा आणि मनात दहा मोजायचे. मग उचलायचा. मळलेल्या पिठात बोट रुतवल्यासारखा खळगा राहिला तर तिथं पाणी आहे. खळगा बारीक असेल तर डोळ्यांना दिसत नाही, त्यावरून बोटाचं टोक फिरवलं की लागतो. दाबून खळगा न पडणारी, कातडी जाड आणि टणक करणारी सूज वेगळी. ती थायरॉइड मंदावल्यानं येते, किंवा लसीकावाहिन्या बरेच दिवस तुंबलेल्या असल्यानं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय बघून फसू नका. पाणी उताराकडे जातं, त्यामुळे त्याची सूज कंबरेखाली, माकडहाडापाशी शोधायची.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. हृदय किंवा मूत्रपिंडामुळे सगळ्या अंगात पाणी साठतं, तेव्हा सूज डोळ्यांना दिसायच्या आतच दोन-अडीच लिटर पाणी जमा झालेलं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून ज्यांचं हृदय अशक्त आहे त्यांना डोळ्यांपेक्षा वजनकाटा आधी सांगतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाण्यानं वाढलेलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

## एकच पाय की दोन्ही?

डॉक्टर पहिला हाच प्रश्न विचारतात. दोन्ही पाय सारखे आणि हळूहळू सुजले असतील तर कारण बहुधा सगळ्या शरीराचं: हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्त फार कमी असणं, किंवा एखादी गोळी. एकच पाय सुजला तर कारण त्या पायात शोधायचं.

एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर, लांबचा प्रवास किंवा दीर्घ आजारानंतर ही शक्यता जास्त. तो पाय चोळायचा नाही, मालिश करायची नाही, त्याच दिवशी डॉपलर करून घ्यायची. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. सुजेबरोबर एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

थंडी-ताप आणि लालभडक पाय असेल तर तो जंतुसंसर्ग, विशेषतः साखरेच्या पेशंटमध्ये. आडवं झालं की दम लागतो म्हणून एकाच्या दोन उशा झाल्या, रात्री घुसमटून उठावं लागतं, तर हृदयाची तपासणी लांबवू नका. गरोदर बाईचे पाय संध्याकाळी थोडे सुजतात, ते चालतं. पण पाचव्या महिन्यानंतर चेहरा आणि हातही सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तर लगेच बीपी मोजायचं. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आलं तर तसंच दवाखान्यात न्यायचं, मग कितीही वाजलेले असोत.

## आत्याच्या गोळ्यांची पिशवी

माझी आत्या आष्ट्याजवळच्या एका गावात राहते. तिला बीपी निघालं, अॅम्लोडिपिनची गोळी सुरू झाली. आधी पाच मिलिग्रॅमची, मग दहाची. दोन-अडीच महिन्यांत पाय सुजले. पायाची जोडवी साबण लावूनही निघेनात. एका दवाखान्यात लघवीची गोळी मिळाली. त्यानं सूज जेमतेम कमी झाली, पण रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि उठताना चक्कर. चकरेला तिसरी गोळी आली. दुखण्याला मेडिकलमधून चौथी. फोनवर ती म्हणाली, “अगं, रात्रीत चारदा उठते, पण पाय हाय तसाच हाय.”

शेवटी मिरजेला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. त्यांनी पाकिटं टेबलावर मांडली, कुठली कधी सुरू झाली ते विचारून त्या क्रमानं लावली आणि पहिल्याच पाकिटावर बोट ठेवलं.

अॅम्लोडिपिन हे चांगलं, स्वस्त आणि देशभर वापरलं जाणारं औषध आहे. ते रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या सैल करतं, त्यामुळे बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तितक्या सैल होत नाहीत. रानात पाणी सोडायचा व्हॉल्व्ह मोठा केला आणि चर तेवढाच ठेवला, तर बांधाशी पाणी साठणारच. काही जणांना ही सूज येते आणि डोस वाढेल तशी वाढते. अंगात पाणी जास्त झाल्यानं ती आलेली नसते, म्हणून लघवीच्या गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. आत्याचं रक्त, लघवी, ईसीजी, इको सगळं करून बाकी काही नाही याची खात्री केली. मग डोस पाचवर आणला, जोडीला दुसऱ्या प्रकारची बीपीची गोळी दिली, आणि लघवीची, चकरेची, दुखण्याची अशा तिन्ही गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात जोडवी सहज फिरायला लागली.

यातली चौथी गोळी मला सगळ्यांत जास्त खटकते. गुडघे-कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आपण पेपरमिंटासारख्या खातो. त्या मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकू देत नाहीत, बीपी वाढवतात आणि सूजही आणतात. स्टेरॉइडही मीठ-पाणी धरून ठेवतं, म्हणून नाव नसलेल्या कागदी पुड्यांनी गुडघा ‘जादूसारखा’ थांबला असेल तर ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा. साखरेसाठीची पायोग्लिटाझोन आणि नसांच्या दुखण्यासाठीची प्रीगॅबालिन याही सूज आणू शकतात. मात्र हे वाचून बीपीची गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका. बीपी भडकून पक्षाघात होण्यापेक्षा सुजलेला घोटा परवडला. गोळी बदलता येते, ती डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

## ‘वय झालं, आता सुजायचंच’

वय वाढलं की झडपा ढिल्या पडतात, चालणं कमी होतं, गोळ्या वाढतात. सुजेची शक्यता वाढते हे खरं. पण सत्तरीतल्या हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपचार आहेत, आणि ते वेळेवर मिळाले तर पुढची दहा वर्षं वेगळी जातात. म्हातारपणाच्या नावावर ही तक्रार मिटवली की त्या माणसाची तपासणीच होत नाही.

## पाणी कमी प्यायचं का? आणि मीठ?

पाण्यावर बंधन फक्त काही जणांना लागतं: हृदय फार अशक्त असलेल्यांना, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या काही पेशंटना. किती प्यायचं ते डॉक्टर मापानं सांगतात. इतरांनी तहान मारून सूज जात नाही.

मीठ मात्र जवळजवळ सगळ्यांनी कमी करावं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. भाजीत हात आखडता घेतला तरी ताटाच्या डाव्या बाजूला हिशोब बुडतो: खर्डा, लोणचं, पापड, सांडगी मिरची. वर चहाबरोबर मूठभर भडंग. सांगलीत राहून भडंग सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण पाय सुजणाऱ्यानं ते रोजचं ठेवू नये. सैंधव खाल्लं तर चालतं का, असं हमखास विचारतात. सैंधवही सोडियमच आहे, पायाला दोन्ही सारखी. आणि ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

गरम पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसायची आपल्याकडे जुनी सवय. बरं वाटतं, नाही असं नाही. पण उष्णतेनं शिरा अजून पसरतात, आणि साखरेमुळे पाय बधिर झालेल्याला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. भाजून झालेल्या जखमेपायी बोट गमावायची वेळ येऊ शकते.

## कारण कळल्यावर काय करायचं

ज्यांची सूज शिरांची आहे त्यांना साध्या गोष्टींचाच सगळ्यांत जास्त फायदा होतो. पाय हृदयापेक्षा वर येतील असे उशांवर ठेवून अर्धा तास पडायचं, दिवसातून तीनदा. खुर्चीवर बसून स्टुलावर पाय ठेवणं पुरत नाही, कारण ते हृदयाच्या खालीच राहतात. ज्यांना आडवं पडून दम लागतो त्यांनी हे करू नये. पायातलं पाणी एकदम परत येऊन हृदयावर भार पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पोटरीचा पंप चालू ठेवणं. उभ्यानं काम असेल तर मधून मधून टाचा उचलायच्या, वीस वेळा. बसून असाल तर पाऊल घोट्यातून वर-खाली करायचं, शिलाई मशीनचं पायडल मारल्यासारखं. पायडलची मशीन अजून चालवणाऱ्या बायकांना हा व्यायाम आपोआप घडतो, विजेची मोटर बसवली की बंद होतो.

दाबाचे मोजे चांगले काम करतात, पण दोन अटींवर. ते घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे हवेत, आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज नसताना चढवायला हवेत. क्रेप बँडेज बांधताना बोटांपासून सुरुवात करायची. नुसती पोटरी आवळली तर खालचं पाणी कोंडतं. साखर असेल, तंबाखू-बिडी असेल, किंवा चालताना पोटरी भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या. रक्त पोचण्याचीच अडचण असलेल्या पायाला घट्ट मोजा घातला तर पाय काळा पडू शकतो.

लघवीच्या गोळीला माझा विरोध नाही. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या सुजेत ती जीव वाचवते. पण तिच्याबरोबर पोटॅशियम आणि सोडियमची तपासणी लागते, डोस बदलावा लागतो. मेडिकलमधून पाच-पाच गोळ्या आणून ते होत नाही.

## दाखवायला जाल तेव्हा

सूज कधी सुरू झाली, सकाळी किती उरते, उशा किती लागतात, लघवीला फेस येतो का, आणि कुठली गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली, एवढं एका कागदावर लिहून न्या. गोळ्यांची पिशवी न्याच. शिरांची सूज रात्रीत उतरते आणि सकाळच्या ओपीडीत पाय अगदी शहाण्यासारखा दिसतो, म्हणून आदल्या संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून त्या खळग्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दिवा बाजूला धरून. आत्याचा असा एक फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात खळग्यात सावली साठलेली दिसते, आणि खाली बोटात रुतलेलं जोडवं.